आठ खुणा आणि सात फोटो

लग्न होऊन मिरजेत आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. रंगीत फोटो धुवायला सांगलीला जायचे. काळे-पांढरे आम्ही आतल्या अंधाऱ्या खोलीत धुवायचो. फोटो पाण्यातून काढून वाळवायचे आणि कडा कापायच्या, एवढंच माझं काम. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यात लाजरी. अंधारात कुणी तोंडाकडं बघत नाही म्हणून ती खोली मला आवडायची.

पुढं स्टुडिओच्या मालकांनी, त्यांना मी काका म्हणायची, माझ्या हातात बारीक ब्लेड दिलं. लोक यायचे आणि म्हणायचे, वडील वारले, त्यांना जुन्या फोटोतून काढून आमच्यात बसवा. मी त्यांना कडेकडेनं कापून काढायची. कागदाची कड मागून काचकागदानं घासून इतकी पातळ करायची, की चिकटवल्यावर बोटाला लागू नये. मग त्या जोडकामाचाच फोटो काढायचा. गेलेला माणूस नातवंडांच्या मधे बसलेला दिसायचा.

एके दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाचे तंबोरे करणारे चाचा आले. त्यांचा नवा तंबोरा एक गाणाऱ्या बाई संध्याकाळच्या गाडीनं घेऊन जाणार होत्या.

"आजवर केल्याले समदे गेले," चाचा म्हणाले. "ह्यो लय मनासारखा झालाय. निदान फोटो तरी भिंतीवर ऱ्हाऊ दे."

पण त्यांना उभा तंबोरा नको होता. चटईवर आडवा ठेवून ते भोपळ्याकडून बघत काम करायचे, तसाच हवा होता. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी अगदी जवळ, तिथून तारा लांब गेलेल्या, टोकाला खुंट्या. आवाज खुलावा म्हणून घोडीवर तारेखाली घातलेलं सूतही दिसलं पाहिजे आणि खुंट्यांजवळची कोरलेली पानंही.

काका त्यांच्या दुकानात कॅमेरा घेऊन गेले, मी मागून त्याचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन. काकांनी भिंगाचं छिद्र अगदी बारीक केलं, तरी जमेना.

"चाचा, घोडी धरली की खुंट्या पुसट होतात. खुंट्या धरल्या की घोडी जाते."

"माझ्या म्हाताऱ्या डोळ्यास्नी दिसतंय आन् तुमच्या एवढ्या महागाच्या डब्याला दिसंना व्हय?"

मी तंबोऱ्याकडं बघत होते. डोळ्यालाही सगळं एकदम दिसत नाही. तांदूळ निवडताना नजर एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, आणि आपल्याला वाटतं ताट दिसलं. मी काकांच्या मागं जाऊन हळूच म्हणाले, "तुकड्या-तुकड्यानं घेतला तर? मी जोडीन. माणसं जोडतो तसं."

काकांनी कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवला. मग म्हणाले, "मग कुठं कुठं थांबायचं त्या खुणा तूच कर."

कॅमेरा जागचा हलवायचा नाही, फक्त भिंगाचं कडं फिरवायचं. मी कड्यावर कागदाची पट्टी चिकटवली. डोळा लावून आधी घोडी स्पष्ट दिसेपर्यंत कडं फिरवलं आणि पेन्सिलीनं खूण केली. मग कडं जरासं फिरवून पुढची. कौलं घालताना एक दुसऱ्यावर थोडं चढवतात, तसं मागच्या फोटोतलं थोडं पुढच्यात आलं पाहिजे. खुंट्यांपर्यंत आठ खुणा झाल्या. चाचांनी पंखा बंद केला. उजेड कमी-जास्त व्हायच्या आत सगळे उरकायचे होते. मी कडं फिरवायची, काका बटण दाबायचे.

चौथा झाला तेव्हा चाचांनी एकदम मलाच विचारलं, "अजून किती गं पोरी?"

मी गडबडले. उत्तरही दिलं नाही आणि कडं पुढं फिरवलं. शेवटचं बटण दाबलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, खुणा आठ होत्या आणि फोटो सात झाले. पाचवी खूण सुटली होती. तंबोरा समोरच होता. एक शब्द बोलायचा होता. काकांनी तिकाटणं मिटलं, आणि माझं तोंड उघडलं नाही. संध्याकाळी तंबोरा गेला.

पुढचे चार दिवस मी जोडत बसले. कडं फिरवलं की चित्र थोडं लहान-मोठं होतं, हे तेव्हा कळलं. मग पहिल्या फोटोवरून कागदावर तंबोऱ्याची रेघ काढली, आणि मोठं करायचं यंत्र खाली-वर करून प्रत्येक फोटो त्या रेघेत बसवला. घोडी आली, सूत आलं, खुंट्यांजवळची पानं आली. मधे दांडीवर दोन बोटं धुकं राहिलं. काका म्हणाले, फिल्ममध्येच दोष असेल. मी मान हलवली.

चाचा फोटो न्यायला आले. त्यांनी बोट घोडीपासून तारेवरून पुढं नेलं आणि थांबवलं.

"हितं माझी दांडी आंधळी झाली."

"फिल्मचा दोष, चाचा," काका म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "माझी एक खूण सुटली. मला तिथंच कळलं होतं."

"मग तवाच का न्हाई बोललीस? तंबोरा म्होरंच हुता की."

"लाज वाटली."

चाचांनी फोटो खाली ठेवला. "लाजतीया म्हनं. आगं, तार सुरातनं उतरली तर ती बी सांगती, मी उतरलेय म्हनून." मग फोटो कागदात गुंडाळत म्हणाले, "वाजवून वाजवून घोडी झिजती. बाई ती घासून जवारी काढायला तंबोरा हितंच आनत्याल. तवा तुलाच बोलावतो. ये."

दीड वर्ष गेलं. मला वाटलं चाचा विसरले. एक दिवस दुकानातून निरोप आला, तंबोरा आलाय.

फक्त सुटलेला तुकडा घ्यावा असं आधी ठरलं होतं. पण वापरून लाकडाचा रंग गडद झाला होता, तारा नव्या होत्या. जुन्यात नवं मिसळलं नसतं. मी काकांना म्हणाले, पहिल्यापासून घेऊ. पट्टी नवी लावली, खुणा नव्या केल्या, या वेळी नऊ. आणि प्रत्येक खुणेला मी मोठ्यानं आकडा म्हटला. एक. दोन. तीन.

"हळू गं," चाचा म्हणाले, "हळदीचा सौदा चाललाय काय हितं?"

मी हळू केलं नाही. नऊपर्यंत म्हटलं.

आठवड्यानं फोटो घेऊन मी एकटीच त्यांच्या दुकानात गेले. चाचांनी चष्मा लावला आणि घोडीवर बोट ठेवलं. सुतावरून, तारांवरून, दांडीवरून ते हळूहळू सरकत गेलं. कुठंच थांबलं नाही. शेवटच्या खुंटीवर मात्र टेकलं.

"ह्या खुंटीवर धूळ दिसतीया. पुसली न्हाईस व्हय?"

"ती तुम्ही पुसायची होती," मी म्हणाले.

चाचा हसायला लागले आणि भिंतीवर खिळ्यासाठी जागा शोधायला उठले.