निळं आलं की जिंकलो

माझ्या विहीणबाई मला कधीच आवडल्या नाहीत.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून काय आता गोड बोलू? चौथी शिकलेली बाई मी. खोटं लिहायला तेवढं पुरत नाही.

मालतीबाई, म्हणजे माझ्या सुनेची आई. राहायच्या घाटकोपरला. दर रविवारी आमच्याकडे मुलुंडला हजर.

चपला काढल्या की सरळ जमिनीवर, आमच्या सईच्या बाजूला. टीव्हीला लावायचा गेमचा डबा आहे ना, तो. गाड्यांची रेस. एक रिमोट नातीच्या हातात, एक यांच्या.

सत्तरी उलटलेली. गाडी कायम भिंतीत.

एका रविवारी मध्येच सगळा टीव्ही निळा झाला. वर इंग्लिशमध्ये दोन ओळी.

मी किचनमधूनच सांगितलं, "बिघडला तो. बंद करा."

मालतीबाईंनी टाळ्या वाजवल्या. "सई, जिंकलो का गं आपण?"

खरंच तसं वाटलं होतं त्यांना. रेस संपली, बक्षिसाचा पडदा आला.

पोर हसून हसून लोळली. लोळत गेली ती त्यांच्याच मांडीवर.

बरोबर बोलले मी. मांडी त्यांची, माझी नाही.

तेव्हापासून घरात नियमच झाला. निळं आलं की जिंकलो. जिंकलो की मालतीबाईंच्या पर्समधून चिक्की, त्यांनी घरी केलेली, दाण्याची. सई तर रेस सोडून निळ्याचीच वाट बघत बसायची.

माझ्या मुलाचा ऑफिसचा लॅपटॉप एकदा ऐन मीटिंगमध्ये निळा झाला. तो डोकं धरून बसलाय आणि ही घरभर नाचतेय, "बाबा जिंकला, बाबा जिंकला."

रोज वेण्या मी घालते. डबा मी भरते. दुखरा गुडघा घेऊन स्कूलबसपर्यंत मी जाते.

मी नुसती आजी. आणि त्या? चिक्कीआजी.

सुनेला एकदा बोललेच, "तुझ्या आईला सांग, पोरीचे दात किडतील."

ती म्हणाली, "आई, दातांचंच दुखतंय ना तुम्हाला?"

नाही. जळत होते मी. आता लिहायला काय जातंय.

त्या गेल्या तेव्हा सई रडली नाही.

नंतर एक दिवस टीव्ही निळा झाला तेव्हा रडली. टाळ्या वाजवायला हात उचलले होते तिने, ते तसेच राहिले.

मी पोळी तव्यावर टाकून बाहेर आले. "मी वाजवू का टाळ्या?"

"नको. तुला माहितीये ते बिघडलंय."

पोळी करपायला लागली होती, ती उलटायला आत गेले.

परवा मुलाचा लॅपटॉप परत बसला. नवीन आहे, तरी. पण या वेळी निळा नाही, काळा. मुलगा म्हणाला, निळं काढून टाकलं कंपनीने, आता बिघडला की काळंच येतं.

सई उठली आणि माझ्याकडे आली. आईकडे नाही, बाबाकडे नाही.

"आजी, काळं आलं म्हणजे काय?"

निळं मालतीबाईंचं. काळ्यावर अजून कोणाचं नाव नव्हतं.

"काळं आलं म्हणजे हरलो," मी म्हटलं.

"मग चिक्की नाही?"

"माझ्याकडे हरलं तरी मिळते."

बोलून तर बसले. जन्मात चिक्की केली नव्हती. उठले, गूळ वितळवला, दाणे टाकले, बोट भाजून घेतलं. पोर ओट्याला चिकटून उभी, गार कधी होते म्हणून.

एक तुकडा चावला आणि म्हणाली, "चिक्कीआजीची कडक असायची. ही चिकटते."

बघा, विहीणबाई. वर्ष झालं जाऊन, तरी माझ्याच ओट्याजवळ तुम्हीच.

पण दुसरा तुकडा घेतला हां तिने. मी बघितलं.

मालतीबाई, निळ्याला मी हात लावणार नाही, ते तुमचंच. काळं तेवढं माझ्याकडे राहू द्या.

आणि पाक किती वेळ ठेवायचा ते सांगून जायला काय झालं होतं?

विहिणीचा नमस्कार घ्या.