सगुणाबाईच्या तोंडून बोललं कोण

उमरीजवळच्या त्या गावात सगुणाबाईला उगाच नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. दर मंगळवारी तिच्या अंगात रेणुकामाय यायची. बाकीचे दिवस बाई शेण काढायची, भाकऱ्या थापायची, तरी लोक मूठभर मिरच्या उसन्या मागायलाही आधी पाया पडायचे. देवी यायच्या आधी तिला कापराचा वास यायचा. त्यापुढचं काही आठवायचं नाही. शुद्धीवर आली की लोकच सांगायचे, देवी अमुक बोलली, तमुक बोलली. बोलणारी देवी, तोंड तेवढं आपलं, असं ती धरून चालली होती.

गेल्या उन्हाळ्यात ती चुलीपाशी कोसळली आणि हात भाजला. लेक सुदर्शन तिला नांदेडला घेऊन गेला. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, त्यात बारीकशी गाठ निघाली.

"मावशी, झटका यायच्या आधी कसला वास येतो का?" त्यांनी सहज विचारलं.

कापराचं तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आता अंगात येण्यासकट सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वास येणं, शुद्ध जाणं हे त्या गाठीमुळंच.

"मग बोलतंय कोण, सायब?"

"ते या फोटोत दिसत नाही," म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. माणूस प्रामाणिक होता, पण प्रामाणिकपणानं कुणाची भीती गेलीय?

गोळ्या सुरू झाल्या आणि कापराचा वास थांबला. देवीही येईना. गाव म्हणालं, कोपली. सुदर्शन म्हणाला, बरी झालीस. सगुणाबाईला मात्र एकाच गोष्टीची धास्ती लागली. पुतण्या बसवंत शाळेत होता तेव्हाची गोष्ट. त्याची धाकटी बहीण, म्हणजे सगुणाबाईची जाऊ साखराबाई हिची पोर, तापानं फणफणली होती. 'दवाखान्यात नेऊ नका, अंगारा लावा,' असं देवीनं सांगितलं. पोर गेली. देवीची मर्जी म्हणून साखराबाईनं डोळे पुसले. पण त्या दिवसांत दोघी जावांचं बोअरच्या पाण्यावरून हाडवैर चाललं होतं. देवी नव्हतीच म्हटलं, तर ते वाक्य कुणाचं? गाठीला बोलता येतं का? हा विचार आला की सगुणाबाई तोंडावर पदर दाबून बसायची. आतून आणखी काही बाहेर पडेल अशी तिला भीती वाटायची.

एका दुपारी दारात जीप थांबली. बसवंतची बायको स्वप्नाली आत डोकं धरून बसली होती. आठवा महिना, तोंड सुजलेलं, आणि "मला दिसंना झालंय" म्हणून रडत होती. बसवंत नांदेडला न्यायला निघाला होता, पण साखराबाई जीपच्या आडवी आली.

"अक्का, देवीला इचार. तिच्या सबदाबिगर मी सून हलू देत न्हाई."

"साखरे, देवी न्हाई येत आता. घेऊन जा तिला. मी सांगून राहिले ना!"

"तू सांगून काय व्हतंय? तिनं सांगू दे."

इकडे आड, तिकडे विहीर. देवी खरी असेल तर तिचं सोंग केल्यानं जीभ झडायची. आणि नसेल तर... पुढचा विचार तिनं केलाच नाही. तिनं केस सोडले, मळवट भरला आणि देव्हाऱ्यासमोर घुमायला लागली. वास यावा म्हणून तिनं जिवाच्या आकांतानं वाट पाहिली. आला नाही. शेवटी तिनंच पाय आपटले आणि ओरडली, "ने तिला! नांदेडला ने! आत्ताच्या आत्ता!"

साखराबाई झटकन बाजूला झाली. जीप गेली.

स्वप्नाली वाचली, बाळही वाचलं. दोघं घरी आल्यावर साखराबाई खणनारळ घेऊन ओटी भरायला आली.

"अक्का, खरं सांगू? त्या दिवशी मला शक आला व्हता, सोंग करून राहिलीस म्हणून. पण आवाज ऐकला आन् पटलं. माझ्या पोरीच्या वख्ताला बोलली ना, तोच आवाज. जरा बी फरक न्हाई."

ती पाया पडायला वाकली. सगुणाबाईनं पाय मागे घेतले. मागे भिंत होती.