पिलाच्या आवाजात

नानाजी वैरागडे स्वतःच्याच घराच्या मागच्या आवारात वर्दी देऊन शिरत. सक्करदऱ्याच्या तलावाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. पुढे त्यांच्या खोल्या, बाजूला आमच्या भाड्याच्या दोन, आणि मागे चिंच, कवठ, सीताफळ अशी दाट झाडी. त्या झाडीच्या तोंडाशी आले की नानाजी थांबत, दोन टाळ्या वाजवत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "मानूस येऊन राह्यला बरं! सांभाळा आपापलं!" एखादं मुंगूस पाचोळ्यातून सरसरत जाई, होले फडफडून उडत. मगच ते आत पाऊल टाकत.

लग्न होऊन मी त्या घरात राहायला आले ते सत्तर सालच्या आसपास. पहिल्याच सकाळी हे ऐकलं आणि वाटलं, चोरच शिरला. नानी, म्हणजे नानाजींची बायको, चुलीपुढे भाकरी थापत बसल्या होत्या. मी घाबरून त्यांच्याकडे धावले. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तसेच हायेत ते. तू हसू नोको वं. अन् काहून, तेही इचारू नोको."

नानाजी म्हणजे उंच, जरा पोक काढून चालणारा माणूस. खांद्यावर सदा दुपट्टा, गळ्याची घाटी इतकी वर आलेली की ते बोलत असताना नजर तिच्याकडेच जाई. मूळचे चांद्याकडचे, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरातले. मालगुजारी गेल्यावर नागपूरला आले होते. मी ओळखायला लागले तेव्हा हुडकेश्वरच्या बाजूला त्यांची संत्र्याची छोटी बाग होती आणि रोज सकाळी सायकलवरून तिकडे जाऊन झाडांचं करण्यात त्यांचा दिवस जाई.

त्यांच्या गळ्यात सगळं रान होतं. संध्याकाळी ओसरीवर बसले की गल्लीतली मुलं भोवती जमत. नानाजी तोंडापुढे ओंजळ धरत आणि चितळ ओरडे, सांबर ढांक घाली, कोल्हे एकमेकांना साद देत. त्यांनी शिक्रा पक्ष्याचा आवाज काढला की शेजारच्या कोंबड्या खरोखर पिलं पंखाखाली घेऊन बसत. तेव्हा मात्र ते लगेच थांबत आणि म्हणत, "बस झालं. बिचाऱ्या खरं समजल्या."

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ज्याच्या गळ्यात इतके आवाज, तो माणूस कधी कुणाला हाक मारत नसे. नानी मागे विहिरीवर असल्या तरी ते उठून तिथवर जात. माझ्याकडे काही काम असलं तर दाराशी येऊन उभे राहत, मी वळून पाहीपर्यंत. मी एकदा म्हटलं, "नानाजी, नुसती ओसरीवरून हाक मारलीत तरी येईन की मी." ते म्हणाले, "हाक मारून बोलावू नये कोनाले, पोरी. येनारा भरोशानं येते. आपुन उठून जावं."

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर ओळीनं खिळे होते. खिळ्यांखाली चुन्याचे चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरे दिसत. तिथे पूर्वी काहीतरी टांगलेलं होतं, हे कुणालाही कळलं असतं. दुपारी आडवे झाले की नानाजी त्या भिंतीकडे पाठ करून झोपत आणि पुष्कळदा दचकून उठत. उठल्यावर पहिली नजर दाराकडे जाई. "कोनी आलतं काय?" असं विचारत. कुणी आलेलं नसे.

मी एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. एका वर्षी आम्ही मुलींना महाराजबागेतली जनावरं दाखवायला न्यायचं ठरवलं आणि मी नानाजींना आग्रह करून सोबत घेतलं. हरणांपुढे उभं राहून त्यांनी असा आवाज दिला की चरणारा कळप मान उचलून बघायला लागला. मुली खूश. पुढे वाघाचा पिंजरा आला. वाघ सावलीला पाय पसरून झोपला होता. एक मुलगी म्हणाली, "नानाजी, आता वाघ!" सगळ्यांनी गिल्ला केला, "वाघ! वाघ!" नानाजींनी तोंड उघडलंसुद्धा नव्हतं, पण त्या गोंगाटानं वाघानं डोकं उचललं आणि कान पुढे करून नेमकं त्यांच्याकडेच पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त असं उतरताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ते वळले, लांबच्या बाकावर पिंजऱ्याकडे पाठ करून बसले आणि आम्ही निघेपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून आमच्या दाराशी आले. मी तांदूळ निवडत होते. उंबऱ्याबाहेरच उकिडवे बसले आणि म्हणाले, "काल तुह्या पोरीयचा हिरमोड झाला. सांगतो तुले काहून."

नागपुरात आले तेव्हा ते एका शिकार कंपनीत होते. परदेशातले पाहुणे यायचे, कंपनी त्यांना चांद्याच्या जंगलात न्यायची, आणि वाघाला मचाणापर्यंत आणायचं काम नानाजींच्या गळ्याचं. वाघिणीच्या आवाजात वाघाला, वाघाच्या आवाजात वाघिणीला. "लय नाव होतं माहं. पाव्हणे मलेच मांगत. भितीवर त्यायच्या संगचे फोटो होते. तोऱ्यात राहत होतो मी."

एका उन्हाळ्यात एक पाहुणा आला. त्याचे परतीचे दिवस जवळ आले तरी वाघ दिसेना. कंपनीचा मालक चिडला. नानाजींनी नाल्याच्या वाळूत एका वाघिणीचे माग पाहिले होते, आणि तिच्या मागोमाग दोन लहान पिलांचे. पिलंवाली वाघीण मारायची नाही, हा शिकाऱ्यांचाही रिवाज होता. नानाजींनी पिलांचे माग पायानं पुसले आणि मालकाला सांगितलं, एकटी वाघीण आहे.

"ऊन कललं होतं. मचाणावर बसलो अन् पिलाचा आवाज काढला. कोठंतरी अडकलेल्या पिलाचा. माय म्हनून रडते ना ते, तसा."

माझे हात तांदळात तसेच राहिले.

"वाघ कसा येते मालूम हाय? थांबत थांबत येते. पाऊल टाकन, अर्धा घंटा उभा राहीन. हे तशी नाही आली. धावत आली, पोरी. भर उजेडात, काट्याकुट्यातून. लपाची तिले सुधच नोती. झाडाखाली आली अन् वर पायलं. मायाकडं. राग नोता वं तिच्या डोयात. 'कोठं हाय?' असं इचारून राह्यली होती."

पाहुण्यानं दोन गोळ्या घातल्या. माणसं खाली उतरून फोटो काढत होती तेव्हा नाल्याच्या काठावर दोन्ही पिलं येऊन उभी राहिली. आरडाओरड्यानं ती पळाली. शिकार स्वतः करायच्या वयाची ती नव्हती. पाहुणा कातडं घेऊन गेला, आणि नानाजी त्या जंगलातच राहिले. रोज नाल्याकाठी बसून ते मेलेल्या वाघिणीच्या आवाजात तिच्या पिलांना हाक मारत. शेळीचं मांस ठेवत.

"एकानं ओ देली," ते म्हणाले. "लय दुरून. दोन दिवस देली. आलं नाही. आवाज मायचाच होता, पन भरोसा उठला होता. तिसऱ्या दिवशी ओ आली नाही."

पुढे शिकारबंदीचा कायदा झाला. ओळखीचे लोक म्हणाले, नानाजी, तुम्ही वेळेवर सुटलात. मला ते एकदा म्हणाले, "देवानं मानसाले सगळ्यायच्या बोलीत बोलाची अक्कल देली. वाघाले खोटं बोलता येत नाही, हरनाले येत नाही. हे एकट्या आपल्याले जमते. मंग जपून राहा लागते का नाही, सांग?"

आणखी काही वर्षं गेली. हुडकेश्वरकडे तेव्हा सगळी शेतं आणि बागाच होत्या, पण उमरेडच्या बाजूचं जंगल तुटत होतं आणि तिकडची जनावरं नाल्यानाल्यानं इकडे सरकत होती. एका हिवाळ्यात नानाजींच्या बागेला लागून असलेल्या शेतातली कालवड बिबटानं मारली. शेत दौलतरावांचं. तापट माणूस, घरात परवान्याची बंदूक. दोन दिवसांनी नानाजींच्या विहिरीजवळच्या दगडांच्या राशीत बिबटाची दोन पिलं सापडली. दौलतराव बंदूक घेऊन विहिरीच्या आडोशाला बसले आणि त्यांनी नानाजींना बोलावणं धाडलं.

तिथे काय झालं ते मला दोघांच्याही तोंडून कळलं.

"नानाजी, एकच आवाज काढा पिलाचा. इथंच येईन ते."

"नाही."

"माही कालवड खाल्ली तिनं. उद्या पोरगं उचलन!"

"उचलन. तुह्यं खरं हाय गा, दौलतराव. तिले इथं राहू देता येत नाही." नानाजी राशीशी बसले होते. "तिची पिल्लं तिच्या हवाली करतो. घेऊन जाईन ते. पन तू इथून हालाचं नाही, अन् नाल्यापल्याड याचं नाही."

दौलतराव कुरकुरले. शेवटी म्हणाले, "दिवस बुडेपर्यंत थांबतो. मंग मी आहे अन् ते आहे."

नानाजींनी दोन्ही पिलं संत्र्याच्या टोपलीत घातली, वर गवत टाकलं आणि नाला ओलांडून पलीकडच्या पळसाच्या झुडपात गेले. टोपली आडवी करून ठेवली. परत फिरायचं, तर पिलं गप्प झाली. भेदरून एकमेकांत तोंड खुपसून बसली. ती रडली नाहीत तर आई आधी राशीकडेच जाणार, जिथे बंदूक होती. नानाजींच्या गळ्यात तो आवाज तयार होता. सूर्य खाली चालला होता.

"तोंडापुढं ओंजय धरली मी," मला त्यांनी नंतर दवाखान्यात सांगितलं. "अन् सोडून देली. म्हनलं, नाही. आता तिले तिच्याच लेकरानं बोलवावं."

त्यांनी एका पिलाचा कान हलकेच चिमटला. ते ओरडलं. दुसरंही ओरडलं. नानाजींचा अंदाज होता ती समोरून येईल. ती मागून आली.

उजव्या खांद्यात तिचे दात रुतले तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे डाव्या हातानं दुपट्टा तोंडात कोंबला. आवाज गेला असता तर दौलतराव धावत आले असते. पिलू पुन्हा ओरडलं तशी तिनं त्यांना सोडलं, एक पिलू तोंडात धरलं आणि गेली. नानाजी पडल्या जागी पडून राहिले. थोड्या वेळानं ती दुसऱ्यासाठी परत आली.

"अगदी माह्या अंगावरून गेली," ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. "दुसऱ्या खेपेले तिनं मले पायलंच नाही, पोरी. धोंडा पडला असन तसा मी. लय बरं वाटलं मले. रानात पयल्यांदा मी कोनीच नोतो."

नाला ओलांडून येणारा रक्तानं माखलेला माणूस पाहिल्यावर दौलतरावांनी बंदूक टाकली आणि त्यांना बैलगाडीत घालून शहरात आणलं. बिबट मादी त्या भागात पुन्हा दिसली नाही. दवाखान्यात दौलतराव रोज यायचे. तो तापट माणूस खाटेच्या पायथ्याशी बसून रडायचा. "एक हाक मारली असती नानाजी, तर धावत आलो असतो मी."

"म्हनूनच नाही मारली गा," नानाजी म्हणाले.

जखमेचं विष अंगात चढलं. डॉक्टरांनी होईल ते सगळं केलं, पण ताप उतरेना. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शुद्ध हरपली. त्या वॉर्डात तापातली माणसं ओरडत, बरळत, आपल्या माणसांची नावं घेत. नानाजींचा डावा हात मात्र तोंडावर घट्ट बसलेला असे. श्वास कोंडेल म्हणून परिचारिका तो काढून बाजूला ठेवी; तो हळूहळू सरकत पुन्हा तोंडावर येई. कपाळाच्या शिरा फुगलेल्या, डोळे मिटलेले, आणि घशातली घाटी वरखाली होत असलेली.

शेवटच्या दुपारी मी तिथे होते. खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. नानींनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला, हलकेच बाजूला केला आणि वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं. सगळा जन्म ज्यांना त्यांनी अहोजाहो केलं, त्यांना त्या लेकराला म्हणावं तशा म्हणाल्या, "ओरड ना बापा. ओरड आता. इथं कोनापाशी बंदूक नाही."

ते ओरडले नाहीत. नानींच्या हातातून सुटायला तो हात धडपडत राहिला. थोड्या वेळानं नानींनीच तो उचलून त्यांच्या तोंडावर ठेवला, आणि मग तो शांत झाला.