फळ्यावरचे दोन बाण

"अहो, सवलतीत अ‍ॅडमिशन मिळते. दिशा मिळत नाही."

फिजिक्सचे सर हे मला म्हणाले. भरल्या वर्गात, फळ्यापुढे. बाकांवर हशा पिकला. माझ्या हातात खडू तसाच.

मी हायड्रोजन क्लोराइडचा रेणू काढला होता. क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून त्याच्या बाजूला थोडा ऋण भार. हायड्रोजनकडे थोडा धन. या दोन टोकांच्या जोडीचं, म्हणजे डायपोलचं, मोमेंट दाखवायला मी बाण काढला, धनाकडून ऋणाकडे. सरांना तो ऋणाकडून धनाकडे हवा होता.

मग त्यांनी मृणालला उठवलं. माझ्याच बाकावरची, शनिवार पेठेतली. यवतमाळहून आल्यापासून पुण्यात माझी म्हणावी अशी एकटी तीच. आदल्या संध्याकाळी तिच्या घरी बसून हाच रेणू मी तिला समजावला होता. बाण दोघींनी सारखाच काढला होता, बारावीच्या केमिस्ट्रीत शिकलो तसा. मृणाल फळ्याशी गेली. माझा बाण पुसला. उलटा काढला.

"याला म्हणतात घरचे संस्कार," सर म्हणाले.

'सर, माझाही तसाच होता.' एवढंच म्हणायला हवं होतं तिनं. ती मान खाली घालून आली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.

गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या तेव्हा. प्रत्येक घरातला कुणीतरी अमेरिकेला निघालेला. मृणालचे बाबा चहा पिताना म्हणायचे, "आता जात कोण बघतं? मेरिट बघतात." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. मनापासून ठेवला होता.

तास सुटल्यावर सरांनी मला थांबवलं. "आर्ट्सकडे बघा. अजून बदलता येईल." मला फिजिक्सच शिकायचं होतं, त्यासाठीच घर सोडून आले होते. तरी मी हाय खाल्ली. पुस्तकं विकायला बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले.

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता. समोरच्या थप्पीतलं केमिस्ट्रीचं एक जाडजूड पुस्तक सहज उघडलं. माझा बाण. फिजिक्सचं उघडलं. सरांचा बाण. केमिस्ट्रीच्या पुस्तकात खाली टीपही होती, की फिजिक्सवाले हाच बाण उलटा काढतात. दोन्ही बरोबर. नुसती रीत वेगळी. केस पिकेपर्यंत शिकवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं? होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तकं पिशवीत भरून मी परत आले.

दुसऱ्या दिवशी तासाआधी मी फळ्यावर दोन्ही बाण काढले. सर आले.

"सर, केमिस्ट्रीत हा. फिजिक्समध्ये हा. तुम्हाला माहीत होतं ना?"

"वाद नको. पुसा आणि बसा."

मी मृणालकडे वळले. "परवा तुझ्या घरी आपण कोणता काढला होता?"

ती बाकाकडे बघत राहिली. "मला नाही आठवत गं."

सरांच्या टोमण्याने इतकं लागलं नव्हतं. ते परके होते. हिला मी माझी समजत होते.

डायपोल मला तिथे खरा कळला. रेणूचा एकूण भार शून्यच असतो. बाहेरून बघणारा म्हणेल, इथे काही भेद नाही. पण आत एक टोक ओढून घेतं आणि दुसरं उघडं पडतं. मोमेंट म्हणजे भार गुणिले अंतर; ते काढताना मधलं अंतर धरावंच लागतं.

सरांनी डस्टर पुढे केलं. मी घेतलं नाही.

"मी पुसणार नाही, सर. फिजिक्सही सोडणार नाही."

शेवटी सरांनीच फळा पुसला. माझा बाण पुसताना त्यांना स्वतःचाही पुसावा लागला.

मी माझ्या बाकावर जाऊन बसले. शेजारची जागा रिकामी होती, ती तशीच राहू दिली. खडू मुठीत होता. पुसतील तितक्या वेळा काढीन.