चाचांचा अब्बूबा

चाचांना अरबी यायची, हिंदी यायची, कामापुरती इंग्रजीही यायची. पण रागावले की ते भिंतीकडे तोंड करून बडबडायचे. रागवायची त्यांची भाषा वेगळी होती आणि ती कळणारं माणूस त्यांना इथे, दुबईजवळच्या रास अल खैमात, कधी भेटलं नाही. सिरियातल्या डोंगरातल्या त्यांच्या गावी अजून अरामी बोलतात. मी कोकणातला, टाइल्सच्या कारखान्याने आम्हा दोघांना एका खोलीत कोंबलं होतं.

त्यांच्याकडे बोरूचा जोडनळीचा पावा होता. मी त्याला बासरी म्हणालो तर भडकलेच. "बासरी नहीं! अब्बूबा बोलो, अब्बूबा." आवाज असा, की माझे कान किटायचे. गाल फुगवून नाकाने श्वास घेत, त्यामुळे सूर मुळी तुटायचाच नाही.

दर रविवारी दुपारी ते गावी बहिणीला व्हिडिओ कॉल लावून वाजवायचे. त्यांच्या गावात वाजवणाऱ्याने आपण होऊन थांबायचं नसतं म्हणे. लग्नात नाचणाऱ्यांच्या रांगेतला पुढचा माणूस हातातला रुमाल खाली करतो, तेव्हाच थांबायचं. पडद्यावर म्हातारी बहीण रुमाल फडकवायची आणि मनाला येईल तेव्हा खाली करायची. मग दोघं अरामीत भांडायची. आठवड्यात तेवढाच वेळ चाचा मोकळे हसायचे.

गेल्या हिवाळ्यात बहीण वारली. त्या रविवारी चाचांनी बंद फोन उशीला टेकवला आणि वाजवायला लागले. थांबेचनात. तोंड लालबुंद, डोळ्यांना धार. मी घाबरलो. हाताला लागला तो पंचा वर धरला आणि खाली केला. ते थांबले. धापा टाकत अरामीत बोलत सुटले, मग म्हणाले, "समझा?"

"नाही," मी मराठीतच म्हणालो, "पण बोला तुम्ही."

तेव्हापासून रविवारी ते अरामीत बोलत, मी मराठीत. आईचं दुखणं, बायकोने धरलेला अबोला, सगळं मी सांगून टाकलं. ते मान हलवत.

मग व्हिसा संपला आणि भाचा त्यांना जर्मनीला घेऊन गेला. निघताना माझा हात धरून बराच वेळ काहीतरी बोलले. मीही बोललो.

आता त्यांच्या खाटेवर साताऱ्याचे शिंदे आले आहेत. भला माणूस, गप्पिष्ट. रोज मराठीत मनसोक्त गप्पा होतात. फक्त घरचा विषय निघाला की माझी जीभ उचलत नाही. शिंद्यांना सगळं समजतं.