छोट्या तोंडाच्या माशाचा साहेब

मी रत्नागिरीकडचा आहे हे कळलं की लोक दोन गोष्टी गृहीत धरतात. एक, घरी हापूसची बाग असणार; दोन, मला मासे पकडता येत असणार. बाग शेजाऱ्यांची होती. मासे आमच्या दारावर पाटीतून यायचे, आणि आई ते कल्ला उचलून, डोळा बघून, पोट दाबून घ्यायची. आमच्या घराण्यात मासे पकडणारा कोणी झाला नाही, पारखणारे मात्र पिढ्यान्‌पिढ्या झाले. आजोबा मदरशात शिकवायचे, वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून. मला तर पोहताही येत नव्हतं, अजून येत नाही.

पण साठच्या दशकातली दुबई आणि नोकरीचं पहिलं वर्ष. अशा वेळी माणूस साहेबाच्या प्रत्येक प्रश्नाला ‘येस सर’ म्हणतो. मी वाळवंटात विहिरी खोदणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते आणि त्यातले जेमतेम दोन आम्ही नवराबायकोने एकत्र काढले होते. कंपनीकडे हिंदुस्थानी स्टाफसाठी एकच फॅमिली क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि स्वतःचा नळ. ते रिकामं झालं आणि त्यासाठी चार अर्ज पडले. एक माझा होता. क्वार्टर मिळालं तर बायको येणार, नाहीतर ती तिकडे आणि मी इकडे, किती वर्षं ते अल्लालाच ठाऊक. निकाल अमेरिकन साहेबाच्या हातात होता.

एका बुधवारी साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा अर्ज दिसला. पण अर्जावर एक हिरवी पत्र्याची पेटी ठेवलेली होती.

“तू समुद्राकाठचा ना?” साहेबाने विचारलं.

“येस सर.”

“मग फिशिंग येत असेल.”

माझी नजर पेटीखालच्या कागदावर. मी म्हटलं, “येस सर. सिन्स चाइल्डहूड, सर.”

साहेबाने पेटी उघडली. कासाराच्या पेटीसारखे तिच्यात कप्प्यांवर कप्पे होते, पण बांगड्यांच्या जागी खोटे मासे. लाकडाचे, पितळेचे, रबराचे. रंगवलेले डोळे, पोटाखाली तीन तीन गळ. काही तर बायकांनी कानात घालावेत इतके नाजूक. साहेब म्हणाला, त्याच्या मुलखात स्मॉलमाउथ बास नावाचा मासा असतो. तोंड छोटं, रंग जुन्या पितळेचा, डोळे लाल, स्वभाव भांडखोर. थंड नदीत दगडांच्या आडोशाला राहतो. हे सांगताना त्याचा चेहरा आमची माणसं गावच्या फणसाबद्दल बोलताना होतो तसा झाला.

मग त्याने मला तासभर या माशाचं शास्त्र शिकवलं. दोरा बारीक हवा, कारण त्याला दिसतो. काठी हलकी हवी, म्हणजे त्याची कुरतड हाताला कळते. पाणी निवळ असेल तर मातकट रंगाचं आमिष, गढूळ असेल तर चमकणारं. पाणी थंड असेल तर हळू ओढायचं, कोमट असेल तर झपाझप. माझी बायको येणार की नाही हे काही कळेना, पण बासच्या सकाळच्या सवयी मला पाठ झाल्या.

शेवटी तो म्हणाला, “इथल्या खाडीत यातलं काय चालेल? तू निवड.”

मला जे येत होतं ते मी केलं. एकेक खोटा मासा उचलला, जबड्याखाली बघितलं, डोळा निरखला, अंगठ्याने पोट दाबलं. चार बाजूला सारले. पाचवा पांढऱ्या अंगाचा आणि लाल डोक्याचा होता. त्याचा डोळा बांगड्याचा असतो तसा स्वच्छ होता. तो मी पुढे केला, “धिस वन, सर. आय इज गुड.”

साहेबाने तो हातात घेऊन फिरवला. मग हळूच म्हणाला, “हा डोळा बघतो. मी वीस वर्षं लोकांना सांगतोय की मासा डोळ्यावर येतो, कोणी ऐकत नाही.” शुक्रवारी जायचं ठरलं, आणि वेळ मी ठरवायची.

आता वेळ ठरवणं म्हणजे भरती ठरवणं, एवढं कोकणातल्या कारकुनाच्या पोरालाही कळतं. आमच्याकडे त्याचा सोपा नियम आहे. चांदाची जी तारीख असेल तिची पाऊणपट करायची, आलेल्या आकड्याला भरती पुरी. आजोबांनी हा नियम मला पाढ्यांबरोबर शिकवला होता. शुक्रवारी चांदाची बारावी होती. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सातला खाडीच्या टोकाला पोचायचं, नऊपर्यंत चढत्या पाण्यात गरवायचं, आणि जुम्म्याच्या नमाजाआधी परत. मी साहेबाला हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की त्याने ते डायरीत लिहून घेतलं.

खरं तर विचारायला माणूस माझ्या खोलीतच होता. आमच्या बाजूच्या गावचे चाचा. नात्याने कोणी नव्हेत, पण सगळे त्यांना चाचाच म्हणत. आयुष्यभर गलबतावर तांडेल होते, आता कंपनीच्या गोदामाचे राखणदार. खोलीत रांधायचेही तेच, कारण बाकीच्यांना चहाही धड येत नव्हता. पण त्यांना विचारायचं तर आधी ‘सिन्स चाइल्डहूड’ची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती त्यांनी आमच्या अख्ख्या देरा वस्तीत पोचवली असती. मी एवढंच म्हटलं की साहेबाबरोबर रास अल खोरला जातोय, सकाळीच.

तेव्हा रास अल खोरला ना गोदामं होती ना गॅरेजेस. खाडी तिथे पसरट होऊन संपायची आणि लांब पायांचे गुलाबी पक्षी पाण्यात उभे असायचे. पक्षी गुडघाभर पाण्यात उभे आहेत यावरून मला अक्कल यायला हवी होती.

साहेबाने होडीचं इंजिन बंद केलं आणि माझ्या हातात काठी दिली. “मनगटाने फेकायचं, खांद्याने नाही,” तो म्हणाला. माझ्या पहिल्या फेकीत साहेबाची टोपी आली. दुसरीत नांगराचा दोर आला. मी सांगितलं की आमच्याकडे पद्धत जरा वेगळी आहे. मग साहेबाने स्वतः फेकायला घेतलं. सोडायचं, थांबायचं, झटका द्यायचा, पुन्हा थांबायचं. चाळीस वेळा त्याने ते केलं, आणि दर दहा वेळांनी पेटीतला मासा बदलला. मला त्याचं खरंच कौतुक वाटलं. विहिरीचा पाइप पाच मिनिटं उशिरा आला तर आकाशपाताळ एक करणारा हा माणूस, पण इथे त्याला कसली घाई नव्हती.

साडेआठला होडी एका अंगावर कलली.

साहेबाने घड्याळ बघितलं, मग पाणी. “तू म्हणालास नऊला भरती.”

“येस सर.”

“मग पाणी चाललंय कुठे?”

या प्रश्नाला ‘येस सर’ हे उत्तर बसत नव्हतं. दहा वाजेपर्यंत आमच्या चारही बाजूंना चिखल होता आणि होडीला लागून एक अरुंद घळ, तिच्यात पुरुषभर पाणी. साहेब त्या पाण्यातही फेकत राहिला, घळीच्या पार पलीकडच्या टोकापर्यंत. माझ्याशी मात्र बोलेना. जानेवारी होता म्हणून बरं, नाहीतर आम्ही दोघे सुकटासारखे वाळलो असतो. मला दिसत होती बायको, बांधलेली ट्रंक पुन्हा सोडत असलेली. साहेबाला खरं सांगून टाकावं असं दहादा वाटलं आणि दहादा मी घसा साफ करून गप्प बसलो.

दीडच्या सुमारास काठाकडून कोणीतरी चिखल तुडवत येताना दिसलं. लुंगी मांडीपर्यंत खोचलेली, डोक्यावर पाण्याचा डबा. चाचा होते.

“जुम्मा बुडवलास,” ते होडीत चढत म्हणाले. “भात रांधून ठेवला, तू आला नाहीस. तेव्हाच म्हटलं, हा गाळात. कुणाच्या सांगण्यावरून आलास या वेळेला?”

“पाऊणपट केली, चाचा.”

“आपल्या गावच्या खाडीची पाऊणपट? हा समुद्र काय रत्नागिरीला विचारून भरतो?”

साहेबाला पाणी पाजून चाचांनी कमरेचा एक लाकडाचा तुकडा काढला. त्यावर दोरी गुंडाळलेली, टोकाला शिसं आणि एक गरी. कागदात बांधून आणलेल्या तारली माशाचा तुकडा तिला लावला आणि फेकलं नाहीच, होडीच्या कडेने नुसतं खाली सोडलं. दोरी बोटावर ठेवून ते मला शिव्या देत बसले. मग मध्येच गप्प झाले, हात वर गेला, आणि हमूर नावाचा कोपरभर लांब मासा होडीत आपटला. आपल्याकडच्या हेकरूचा सख्खा भाऊ. साहेब ताडकन उठला, वाकून त्याच्या प्रचंड जबड्यात बघत राहिला आणि म्हणाला, “याचं तोंड तर फारच मोठं आहे.”

साहेबाला ना हिंदी येत होती ना चाचांना इंग्रजी. दोघांच्या मध्ये मी.

“विचार त्याला, तिथेच का?”

चाचा म्हणाले, “सांग, मासा सावलीला बसतो. इथे सावली एकच, या होडीची. हा लांब फेकत होता आणि मासा याच्या बुडाखाली होता.” मी भाषांतरात बुड होडीचं केलं.

मग साहेबाने माझ्याकडे न बघता विचारलं, “विचार त्याला, या माणसाला मासेमारी येते का?”

मी विचारलं. चाचांना हसू आवरेना. “तुला? तुला मासा ताटात ओळखता येतो. तोही काटा काढून दिला तर.”

मी काहीही सांगू शकलो असतो. खोटं पकडणारं कोणी नव्हतं. पण सकाळपासूनच्या उन्हात माझ्यातला सगळा ‘येस सर’ आटला होता. मी शब्द न शब्द सांगितलं, काट्यासकट. साहेबाने ते ऐकून घेतलं. हसला नाही. आता क्वार्टर गेलं, नोकरीही गेली, असं मी धरून चाललो.

“विचार त्याला,” साहेब म्हणाला, “दर शुक्रवारी मला आणेल का. आणि बदल्यात काय हवं. माझ्या हातात असेल ते देईन.”

चाचांनी हात धुतले, लुंगीला पुसले. “सांग, इन्शाल्ला आणीन. पण शुक्रवारी मला तुझ्यासाठी भात रांधायला लागतो. तुला चूल पेटवता येत नाही, रांधलं नाही तर उपाशी बसतोस. साहेबाला म्हणावं, याच्या बायकोला आणू दे, की मी मोकळा. यल्ला, सांग.”

ते मी कसं सांगितलं मला आठवत नाही. साहेबाने विचारलं, “हे तो म्हणतोय की तू?”

“तो, सर.”

“खलास,” साहेब म्हणाला, म्हणजे ठरलं. त्याला तेवढाच अरबी शब्द येत होता.

शनिवारी अर्जावर सही झाली. दीड महिन्याने बायको बोटीने आली. शुक्रवारी साहेब आणि चाचा खाडीवर जायला लागले. साहेब आपल्या पितळी आमिषाला तारलीचा तुकडा लावायला शिकला आणि चाचा साहेबाच्या बारीक दोऱ्याला नावं ठेवत तोच वापरायला लागले. मला कोणी बोलवत नव्हतं आणि मी फार सुखात होतो.

बायको आल्यावर पहिल्याच शुक्रवारी चाचा दुपारी आमच्याकडे जेवायला आले. बायकोने हमूरचं डोकं मानाने त्यांच्या ताटात वाढलं आणि सहज विचारलं, “चाचा, चाचींना कधी आणताय?”

“क्वार्टर एकच होतं, बेटी,” चाचा म्हणाले आणि कालवण मागितलं.

चाचांना त्या खोलीत अकरा वर्षं झाली होती. चाचीही माझ्या बायकोइतक्याच दूर होत्या, त्याच बोटीच्या रस्त्यावर. साहेबाने काय हवं म्हणून विचारलं तेव्हा मी त्या होडीत दोघांच्या मध्ये बसलो होतो, मला दोन्ही भाषा येत होत्या, आणि चाचा, तुम्हाला स्वतःला काय हवं, एवढं मी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. मी त्यांना कालवण वाढलं.