आत्याला घातलेली शपथ

वसमतच्या डॉक्टरांनी आईला प्रवासाची परवानगी दिली तेव्हा दोनच गोष्टी बजावल्या. साखरेची गोळी चुकवायची नाही, आणि गोळी घेतली की उपाशी राहायचं नाही. दिवाळीआधी ती ओट्यापाशी कोसळली होती, तेव्हा तिची साखर वाढलेली नव्हती, उतरली होती. "पुन्हा असं झालं आणि जवळ कुणी नसलं तर अवघड होईल," डॉक्टर म्हणाले. "उपासतापास आता बंद, ताई."

"व्हय," आई म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिले. आई इतक्या लवकर कुणाचं ऐकत नाही.

कोकणात जायचं पप्पांनी ठरवलं. एकदा हळदीची काढणी सुरू झाली की उकडणं, वाळवणं, बाजार यांत आमच्या घरी कुणी निवांत बसत नाही, म्हणून त्याआधी. काय बघायचं ते माझ्यावर सोडलं होतं. इंग्रजी शाळेत शिकलेली घरात मीच, आणि मोबाईलवर जागा शोधणं हे इंग्रजीचं काम आहे असा आमच्याकडे समज. मला गर्दी सोसत नाही. पाण्यावरच्या स्कूटर आणि उंटाच्या फेऱ्या मी सरळ वगळल्या. मसाल्याची एक बाग, नारळ-पोफळींच्या वाड्यांमधली एक जांभ्या दगडाची वाट आणि देवराईतून समुद्राकडे उतरणारी एक पायवाट, एवढंच निवडलं. आईला दमणूक नको, हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण होतं.

कुरुंद्याची आत्या सोबत आली. "एवढ्या लांब जाऊन झाडं बघायची?" ती गाडीत म्हणाली. "आपल्या बांधावर न्हाईत का झाडं?"

"बांधावरच्या झाडांवरून भांडणं होतात," पप्पा म्हणाले. "तिथल्या झाडांवरून कोण भांडणार?"

पहिला दिवस चांगला गेला. मसाल्याच्या बागेत माहिती सांगणाऱ्या बाईंनी एक पान चुरगळून हातात दिलं आणि ओळखायला सांगितलं. आत्यानं ते नाकाजवळसुद्धा नेलं नाही. "हळद. आता हे बी तिकीट काढून बघायचं व्हय?" आई इतकी हसली की तिला मिरीच्या वेलाखाली बसावं लागलं. मला वाटलं, आपण बरोबर जागा निवडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराईत गेलो. पप्पांचा गुडघा दुखत होता, ते वर रस्त्यावर गाडीपाशी थांबले. आम्ही तिघी उतरायला लागलो. वाट अरुंद, मुळांनी धरून ठेवलेली. वर झाडांचं छत इतकं दाट की ऊन खाली यायचं ते तुकड्यातुकड्यांनी. मांडीएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. कुणीच नव्हतं. मला हवी होती तशीच जागा.

आधी आई पुढे होती. मग आत्याच्या मागे पडली, मग माझ्या. वळून बघितलं तर ती प्रत्येक झाडाला हात लावत येत होती. सावलीत गारवा होता आणि तिच्या वरच्या ओठावर घाम होता. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"तहान न्हाई."

"मम्मी, थोडं घे."

"न्हाई म्हणलं ना! काहून मागं लागून राहिलीस?"

ती माझ्यावर अशी कधी ओरडत नाही. थोडं पुढे गेल्यावर ती एका दगडावर बसली. बोटं थरथरत होती. ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी ती दुसऱ्याच कुणाची असावीत. मग जमिनीवरच्या पिवळ्या उन्हाच्या तुकड्यांकडे बोट करून म्हणाली, "हळद झाका गं. आभाळ आलंय."

दिवाळीआधी ओट्यापाशी ती असंच काहीबाही बोलली होती. मोबाईल काढला, रेंज नव्हती. पळत वर जाऊन पप्पांना आणायचं, तर तिला असं सोडून कसं जायचं?

"आत्या, मम्मीनं सकाळी खाल्लं होतं ना? तुम्ही दोघी खोलीत खातो म्हणालात."

आत्या माझ्याकडे बघेना. हातातल्या बांगड्या मागंपुढं करत राहिली. मग आईसमोर उकिडवी बसली. "वैनी, सुटली म्हणा. एकदा म्हणा."

"पोती आणा," आई म्हणाली.

"वैनी, माझ्याकडं बघा. सुटली म्हणा."

"काय सुटली?" मी विचारलं.

"मला काही इचारू नको लेकरा. तुझ्याच गळ्याची हाय."

आमच्या शाळेत मुली प्रॉमिस म्हणायच्या आणि दुपारपर्यंत मोडायच्या. आत्याची गोष्ट वेगळी. तिला कुणाच्या गळ्याची शपथ घातली आणि तिनं ती मोडली, तर जे काही व्हायचं ते त्या गळ्याला होतं, हे तिच्यासाठी ऊन-पावसाइतकं खरं आहे. ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. आणि जिनं घातली होती ती आमच्यासमोर बसून नसलेली हळद झाकायला सांगत होती.

मी अनोळखी माणसाला रस्ता विचारायचा तर आधी वाक्य मनात जुळवते. तेव्हा काही जुळवलं नाही.

"माझ्या गळ्याची ना? मग गळा माझा आहे. मी म्हणते, सुटली."

"तसं चालतं का?"

"चालतं."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतेय! सुटली, सुटली, सुटली. आत्या, बोल!"

माझाच आवाज झाडांमधून परत आला. वरून कुठला तरी मोठा पक्षी पंख फडफडवत उडाला.

आत्यानं डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं. "आज मंगळवारची चतुर्थी, अंगारकी हाय. सकाळपासून पाणी बी न्हाई तोंडात. तू पोटात व्हतीस तवापासून करती, आता मोडली तर तुला तकलीफ व्हईल म्हणती. गोळी मातर घेतली. डाक्टरला जबान दिली व्हती म्हणं."

म्हणजे पोटात काही नाही आणि वर गोळी. "गोड काय आहे? काहीही!"

आत्यानं पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. रात्री चंद्र बघून उपास सोडताना दाखवायचा नैवेद्य, गूळ-खोबरं. क्षणभर ती हातात धरून बसली. मग दातांनीच गाठ सोडली. "गणपतीला मी सांगते बराबर." तळहातावर गूळ कुस्करला, मी त्यावर थोडं पाणी ओतलं.

आईनं ओठ घट्ट मिटले. मान फिरवली. "चंद्र," ती म्हणाली. "चंद्र कुठंय?"

मी तिचे खांदे धरून बसले होते. ते गार आणि ओले होते.

"निघाला की!" आत्या म्हणाली. "त्यो काय, झाडावर! बघा, केवढा!" आणि तिनं भर सकाळी वर पानांकडे हात केला.

आईनं वर बघितलं. दोन्ही हात जोडले, आणि तोंड उघडलं.

आत्या बोटानं गूळ भरवत राहिली, मी तो गिळला जातोय की नाही ते बघत राहिले. किती वेळ गेला कळलं नाही. खाली समुद्राचा आवाज चालूच होता, आणि मला त्याचा राग येत होता. आधी घाम थांबला. मग बोटं थांबली. मग आईनं पदर सारखा केला आणि विचारलं, "इथं काहून बसलो आपण?"

आत्या रडायला लागली.

आईनं जिभेवरची चव घोळवली. आत्याकडे बघितलं. "बोललीस तू."

"तुमच्या पोरीनं सोडली शपथ. मी न्हाई मोडली."

आईनं तोंड पुसलं आणि गुळानं चिकट झालेला तोच हात माझ्या गळ्यावर ठेवला, ताप बघतात तसा. "घातली मी. सोडायची मी," ती म्हणाली. रागानं नाही, भीतीनं.

आम्ही तिथूनच परत फिरलो. दोघींनी दोन्हीकडून धरून तिला हळूहळू वर आणलं. उरलेल्या दिवसांत तिनं मला वाळूपर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही. लाटा मी एका नारळाच्या वाडीच्या दगडी गडग्याला, कुंपणाच्या भिंतीला, टेकून बघितल्या. तेव्हाही तिनं माझी ओढणी मागून धरली होती. वसमतला आल्यावर तिनं माझं स्कूटी चालवणं बंद केलं. मी खोकले की शेजारच्या खोलीतून तिचा आवाज यायचा, "काय झालं?" शपथेनं काही होत नसतं, हे मी तिला सांगून बघितलं. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा माझ्या कपाळाला हात लावायची. मी तिला जपत होते आणि ती मला, आणि दोघीही चिडलेल्या.

पुढच्या संकष्टीला हळद उकडायला सुरुवात झाली होती. सकाळी आई स्वयंपाकघरात गोळी हातात घेऊन उभी होती. तोंडात घातली नव्हती.

"आज करू का?" तिनं विचारलं. असं तिनं मला कधीच विचारलं नव्हतं. "नुसतं फळावर. पाणी पिईन."

"नाही," मी म्हणाले.

"तुला काही झालं म्हणजे?"

"तुला काही झालं म्हणजे?"

तिनं गोळी घेतली. मग भाकरी आणि वरण ताटात वाढून घेऊन माझ्यासमोर खाली बसली, आणि माझ्याकडे न बघता ताट रिकामं केलं.